झुबकीची पाघळलेली नानकटाई

भट्टीमागे बदामाचं झाड. झाडावर राहायची एक खार. तिचं नाव झुबकी.

झुबकीने नानकटाई केली. वाटीभर मैदा. वाटीभर साखर. वाटीभर तूप. तव्यावर ठेवली.

फुस्सऽऽ! नानकटाई पाघळली. तवाभर पसरली. खायला काही उरलंच नाही!

झुबकीला आलं रडू. पोटात तर भूक! तिने मैदा, साखर, तूप, वाटी सगळं पिशवीत भरलं आणि निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

भट्टीपाशी होते नानकटाई भाजणारे सुलेमानचाचा.

"चाचा, चाचा, वाटी वाटी घेऊन केली, तरी पाघळली! नानकटाई भाजून द्या ना!"

"वाटीने मोजलंस ना, बेटा? वाटीने चुकतं. आधी तोलून आण, मग भाजीन."

झुबकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. ओट्यावर होता तराजू.

"तराजूदादा, तराजूदादा, तोलून दे ना!
चाचा भाजेना,
मला नानकटाई मिळेना!"

"माझं पारडं रिकामं. आधी वजन येऊ दे, मग तोलीन."

झुबकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. पेटीत होतं वजन.

"वजनदादा, वजनदादा, बाहेर ये ना!
तराजू तोलेना,
चाचा भाजेना,
मला नानकटाई मिळेना!"

"पेटीवर झोपलंय मांजर. आधी मांजर उठू दे, मग निघेन."

झुबकी चढली पेटीवर. हळूच हं! मांजराने एकच डोळा उघडला.

"माऊताई, माऊताई, ऊठ ना!
वजन निघेना,
तराजू तोलेना,
चाचा भाजेना,
मला नानकटाई मिळेना!"

"इथे ऊन कसं छान लागतंय! आधी ताडपत्री पडू दे, सावली येऊ दे, मग उठेन."

झुबकी चढली खांबावर सरसर, सरसर. वर होती ताडपत्री.

"ताडपत्रीकाकू, ताडपत्रीकाकू, खाली पडा ना!
मांजर उठेना,
वजन निघेना,
तराजू तोलेना,
चाचा भाजेना,
मला नानकटाई मिळेना!"

"मला गुंडाळून बांधलंय गं. आधी दोरी सुटू दे, मग पडेन."

शेजारीच होती दोरी.

"दोरीताई, दोरीताई, सूट ना!
ताडपत्री पडेना,
मांजर उठेना,
वजन निघेना,
तराजू तोलेना,
चाचा भाजेना,
मला नानकटाई मिळेना!"

"माझी गाठ फार घट्ट. कोणी दात लावील, तर सुटेन."

झुबकी थांबली. दात? दात तर माझेच आहेत!

कुरुकुरु, कुरुकुरु. गाठ झाली सैल.

मग काय!
दोरी सुटली, सुर्रर्र!
ताडपत्री पडली, फडाक!
मांजर उठलं, म्यांव!
वजन निघालं, मोठं ठण्, छोटं ठिण्!
तराजू डुलला, डुगुडुगु!

चाचा आले हात पुसत. म्हणाले, "मैद्याला मोठं वजन. साखरेला छोटं. तुपालाही छोटंच."

झुबकीने वाटीभर मैदा ठेवला. पारडं वरच!
"अजून घाल," चाचा म्हणाले. घातला. पारडी सारखी झाली.

वाटीभर साखर ठेवली. पारडं धप्पकन खाली!
"काढ, काढ," चाचा म्हणाले. थोडी काढली. पारडी सारखी झाली.

वाटीभर तूप ठेवलं. पारडं पुन्हा धप्प! थोडं तूप काढलं. पारडी सारखी झाली.

"वाटी तर एकच होती!" झुबकी म्हणाली.

"वाटी एकच, बेटा. पण मैदा हलका. साखर जड. तूपही जड. मैदा पडला कमी, साखर-तूप जास्त. म्हणून तुझी नानकटाई पाघळली."

चाचांनी पीठ मळलं. गोळा केला. चपटा करून पत्र्यावर ठेवला. पत्रा गेला भट्टीत.

आला खमंग वास! पत्रा आला बाहेर.

नानकटाई गोल गोल! कुठ्ठेच पाघळली नाही.

"घे बेटा. गरम आहे, फुंकून खा."

फू फू फू! कुडुम, कुडुम, कुडुम!

नानकटाई गेली पोटात, गोष्ट राहिली कानात.