निदान दोन मण

एकदा एक वृद्ध गुरू घाटाच्या पायथ्याशी मठ करून राहत होते. त्यांचा एक शिष्य होता. हुशार, कामसू, पण हिशेबाला जरा जास्तच पक्का. मठाची बैलगाडी तोच हाकी.

त्या डोंगरी राज्यात एक नियम होता. ज्याला रस्त्यावर गाडी घालायची, त्यानं निदान दोन मण ज्वारी चावडीत ठेव म्हणून ठेवायची. त्याच्या गाडीखाली कुणी सापडलं, तर ते पोतं उचलून त्या जखमी माणसाच्या घरी पोचवायचं, म्हणजे त्याचं हाड जुळेपर्यंत चूल विझायला नको. ज्याचं पोतं नाही, त्याची गाडी नाक्यावरून माघारी.

गुरूंनी सांगितलं, "बाळ, पोतं भरून देऊन ये." शिष्य कोठीत गेला. कणगीत नवी ज्वारी होती, मोत्यासारखी. कोपऱ्यात मागच्या सालची पडली होती, टोके लागून किडलेली, कोंबड्यांना टाकायची म्हणून ठेवलेली. त्यानं मनाशी म्हटलं, ठेवच तर आहे, ती कोण कशाला खातंय! मठाचं चांगलं धान्य तेवढंच वाचलं. चावडीवरच्या राखणदारानं पोतं काट्याला लावलं आणि म्हणाला, "वजन भरलं. जा." शिष्य अभंग गुणगुणत परत आला.

आणि व्हायचं तेच झालं बघा. एकदा उतारावर बैल बुजले. पुढं गौराक्का बुरुडीण डोक्यावर टोपल्यांची चळत घेऊन बाजाराला चालली होती. चाक तिच्या पायावरून गेलं. ती जागीच बेशुद्ध पडली. मागून कुणाची गाडी आली, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही. शिष्यानं तिला सावलीला नेलं, माणसं हाकारली, चावडीवर वर्दी दिली.

संध्याकाळी गुरूंनी विचारलं, "कशी आहे ती?"

"पोतं पोचलं, बाबा. नियमाप्रमाणे सगळं झालं."

"मी पोत्याचं नाही विचारलं."

शिष्य बैलांना वैरण टाकायला निघून गेला.

काही दिवस गेले. एका सकाळी गुरू म्हणाले, "चल, आज बाहेर जेवायचंय," आणि थेट गौराक्काच्या दारात जाऊन उभे राहिले. सावकाराचं ताट नाकारणारे हे गुरू त्या पाय मोडलेल्या बाईला म्हणाले, "माय, भूक लागलीय. दोघांना वाढ." शिष्याला वाटलं, बाबांची मती फिरली. ज्या घरी द्यायचं, तिथंच मागायचं?

"या की बाबा, बसा," गौराक्का म्हणाली. पायाला कामट्या बांधलेल्या. बसल्या बसल्याच ती चुलीपुढं सरकली. "पण भाकरी कडू लागंल हां, आधीच सांगते. दोनदा पाखडलं, तरी पिठात किडं निघत्यात. लेकरं गुळाचा खडा लावून गिळत्यात."

"कुठली ज्वारी ही?"

"भरपाईची. ज्याची गाडी, त्याची. त्याच्या घरी कोंबड्या लई असतील बघा. त्यांच्या तोंडचं काढून दिलंय बिचाऱ्यानं!" आणि ती हसली.

गुरूंनी तोंड वाकडं न करता भाकरी संपवली. शिष्याचा घास मात्र तोंडात फिरत राहिला, गिळवेना, थुंकवेना. शेवटी ताटाकडं बघतच तो म्हणाला, "अक्का, ती गाडी माझी होती. पोतंही मीच भरलं. घरात चांगली ज्वारी असताना."

गौराक्का त्याच्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मग खा," ती म्हणाली. "सगळी खा. आमच्यात ताटात टाकत न्हाईत."

त्यानं ती भाकरी सगळी खाल्ली.

वाटेनं तो रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही मला मठातच रागावला असता, तरी चाललं असतं."

गुरू म्हणाले, "तिथं तू मला वजन सांगितलं असतंस. जिभेला वजन सांगून भागत नाही. बाळ, गाडी हाकणारा आपली जोखीम रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या अंगावर टाकत जातो, त्याला न विचारता. म्हणून राजा म्हणतो, निदान एवढं तरी ठेव. हे 'निदान' निलाजऱ्यासाठी आहे. त्याच्याकडून तेवढंच वसूल होतं. ज्याला लाज आहे, त्यानं तिथं थांबायचं नसतं, तिथून पुढं निघायचं असतं."

दुसऱ्या दिवशी शिष्य नव्या ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन गेला. गौराक्कानं एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. "तिकडं ठेव," म्हणाली. माफ केलं, असं काही म्हणाली नाही.

शिष्य जागचा हलेना.

"आता काय राहिलं?"

"अक्का, वेळू चिरताना दुसरं टोक पायाखाली दाबून धरावं लागतं ना? तुमचा पाय बरा होईस्तोवर मी धरतो."

तिनं कोयता ओढून घेतला. "धर. पण नीट धर. तुझ्या बैलांवानी बुजू नकोस."

आजही देशोदेशींचे कायदे मोटार हाकणाऱ्याला सांगतात, दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईसाठी निदान एवढ्या रकमेचा विमा हवाच. तो आकडा वाचताना रस्त्यानं पुढं चाललेल्या माणसाची पाठ डोळ्यांपुढं आणावी.