पोचवण्याचा खर्च

“मग स्वस्त कोणतं पडतं?” निर्मळगिरी महाराजांनी विचारलं.

“ई-पुस्तक, महाराज.” ढोमणे प्रकाशकांना हे तोंडपाठ होतं. “कागद नाही, बांधणी नाही, टपालखर्च नाही. बोट टेकवलं की पुस्तक थेट दुबईला! छापील म्हणजे नुसता जिवाला घोर. दुकानदाराचं कमिशन, गोदामाचं भाडं, वर वाळवी.”

“मग तोंड का उतरलंय?”

ढोमण्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. चहा आज महाराजांनीच केला होता. मठाचा आचारी कोंडाजी कुठं दिसत नव्हता, पण त्याची चौकशी करावी हे ढोमण्यांना सुचलं नाही. सध्या त्यांना स्वतःपलीकडचं काहीच सुचत नव्हतं.

“फुकट दिलं तरी कुणी वाचत नाही, महाराज... एकजण विकत घेतो नि गावभर पाठवतो. पुढचेही नुसते पाठवतात. उघडत कुणीच नाही.”

महाराजांनी त्यांचा पेला पुन्हा भरला.

“उद्या गोदाम रद्दीत काढतोय. वडिलांच्या वेळेपासूनची पुस्तकं आहेत. तुम्ही हो म्हणा, म्हणजे हात थरथरायचा नाही.”

महाराज उठले. स्वयंपाकघरातल्या फडताळातून एक बारकं पुस्तक घेऊन आले. ढोमण्यांनीच छापलेलं, अगदी पहिलं.

“हेही ने मग.”

हात थरथरण्याचा प्रश्नच आला नाही. रद्दीत घालायच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आधी फाडायचं, नाहीतर ते पुन्हा फुटपाथवर विकायला येतं, ही धंद्याची रीत. ढोमण्यांचा अंगठा सवयीनं पुस्तकाच्या कण्याशी गेला. एक हिसका... झालं.

मग त्यांची नजर आत गेली.

पानांचे कोपरे वापरून मऊ पडले होते. जागोजागी हळदीचे अंगठे उमटलेले. काही ओळींखाली कोळशाच्या रेघा, पार शेवटच्या पानापर्यंत.

ढोमण्यांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली तो वाचक इथं चुलीपुढं बसला होता, आणि ते दर खेपेला त्याच्या हातचं जेवून गेले होते.

“चुकलो, महाराज! दुसरी प्रत देतो... नाहीतर आत्ताच कोंडाजीच्या फोनवर पाठवतो. खर्च काहीच नाही.”

महाराजांनी फाटकं मुखपृष्ठ उचललं. मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केलं.

“कोंडाजी पौषात गेला... त्याच्यापर्यंत पोचवायला काय खर्च येतो, तेवढं सांग.”