उत्तमच्या गाडीचा दिवा

खांडवीच्या घाटाखाली शेलारवाडी म्हणून एक गाव आहे. तिथं उत्तम नावाचा भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे आळशी नाही, लबाड नाही, बहिरा तर मुळीच नाही. उलट सांगितलेलं इतकं मन लावून ऐकणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तिथंच तर सगळं घोडं पेंड खायचं.

त्याची बायको वैजंता पंचमीला माहेरी गेली होती. माहेर घाटापलीकडं, पिंपरखेडला. जाताना म्हणाली, "न्यायला तुम्हीच या. एस्टीनं नको. दाजी ताईला गाडीवरून नेतात, मलापण गाडीवरून न्या." उत्तमकडं मामाची जुनी मोटारसायकल होती. पंचमी होऊन पोळा आला. उत्तमला करमेना. भाकरी काय, आईसुद्धा करायची. पण वैजंता त्याच्या बोलण्यावर हसायची. तो विचारायचा, "काय झालं?" की ती आणखी हसायची. आता घरात कुणी हसत नव्हतं. म्हणून उत्तमनं गाडी बाहेर काढली.

गाडी घाटाला लागली आणि चेन कुईं कुईं करायला लागली. उत्तमला वाटलं, गाडीला काहीतरी सांगायचं असेल. तो ऐकत गेला. अर्ध्या घाटात चेन उतरली आणि गाडी सांगायची थांबली. मग तो ती ढकलत फाट्यावर शकूरभाईच्या गॅरेजला घेऊन आला.

शकूरभाईनं चेनला बोट लावून बघितलं. "अरे उत्तम, ही चेन आहे का वाळलेली सुतळी? तेलाचा थेंब नाही हिच्यावर. आवाज आला की तेल घालायचं, एवढं ध्यानात ठेव."

"आवाज आला की तेल," उत्तम म्हणाला, आणि त्यानं खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. चेन गुपचूप होती. पण घाटाच्या माथ्यावर ब्रेक दाबला, तर ब्रेक चीं करून ओरडला. उत्तम लगेच थांबला. पिशवीतून तेलाची कुप्पी काढली. पुढच्या ब्रेकला पाजलं, मागच्या ब्रेकला पाजलं. आवाज बंद झाला. ब्रेकही बंद झाला.

घाट त्यानं पहिल्या गिअरवर, दोन्ही पाय जमिनीला घासत उतरला. त्यात चपला संपल्या. पिंपरखेड हे उतारावरचं गाव. सासरे दादाराव पटका बांधून दारात उभे होते. सासूबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. वैजंता भरलेली पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"आले, आले!" सासूबाई म्हणाल्या.

"रामराम मामा," उत्तम म्हणाला, आणि पुढं गेला.

दोन कोंबड्या उडाल्या. उतार संपला तो गावाबाहेर, वळसा घालून पुन्हा घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. गाडीचं तोंड आता घराकडं होतं. उत्तमनं विचार केला. थांबता येत नाही, तर परत जाऊन नुसता रामरामच करायचा ना? तो तर एकदा झालाय. तो घरी आला आणि आईनं रचलेल्या तुरकाट्यांच्या ढिगात थांबला.

तोवर दादारावांचा आईला फोन येऊन गेला होता. "विहीणबाई, जावई आमच्याकडं आले होते, का आमच्याकडून गेले होते?"

शकूरभाईनं कपाळाला हात लावला. "ब्रेकला तेल? अरे, ब्रेकला तेल घालतं का कुणी! तेल दिसलं की पुसून काढायचं. खडखडीत कोरडं!"

"तेल दिसलं की पुसायचं," उत्तम म्हणाला. त्यानं खूणगाठ बांधली.

या खेपेला त्यानं निघायच्या आधी सगळी गाडी तपासली. चेनवर तेल दिसलं, ते पुसलं. इंजिनाचं टोपण उघडलं, तर आत तेलच तेल. "बाप रे," उत्तम म्हणाला, "शकूरभाईच्या नजरेतून हे सुटलं." त्यानं खालचा बोल्ट काढला, सगळं तेल वाहू दिलं, उरलं ते आईच्या जुन्या धडप्यानं टिपून घेतलं. इंजिन खडखडीत कोरडं करून तो आनंदानं निघाला. घाटाच्या पहिल्याच वळणावर इंजिन करकरलं, तापलं आणि जाम झालं.

शकूरभाई त्या दिवशी ओरडला नाही. जाम झालेलं इंजिन बघून तो खालीच बसला. मग म्हणाला, "उत्तम, घासतं तिथं तेल लागतं आणि धरतं तिथं कोरडं लागतं. पण तू हे ध्यानात ठेवू नकोस. तू एकच ध्यानात ठेव. ह्या गाडीच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. लावलास तर तंगडं मोडीन."

उत्तमनं खूणगाठ बांधली.

इंजिन दुरुस्त व्हायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत पिंपरखेडहून पुन्हा फोन आला. आधी दादाराव बोलले. "जावईबापू, रविवारी शेवटचं या. लोक हसायला लागलेत. रविवारी पोरगी दिवेलागणीला तुमच्या घरी पोचली नाही, तर ती इथंच राहील. मग न्यायला येऊच नका."

मग वैजंता फोनवर आली. "मी पण आता थकले हं वाट बघून. तुम्ही या," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आणि आल्यावर थांबा."

रविवारी सकाळी उत्तम शकूरभाईकडं गेला. "शकूरभाई, येताना घाटात अंधारून येईल. वैजंता बरोबर असणार. दिवा बघा ना."

शकूरभाईनं दिवा लावून बघितला. "हा तुझा साधा पिवळा बल्ब. हा लागलाय का नाही, हे बघायलाच दुसरा दिवा लागतो." त्यानं फळीवरून दुसरा उचलला. "हा हॅलोजन. उजेड चांगला, पण तापतो फार. ह्याच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा लागला की काच फुटते. फडक्यानं धरायचं." उत्तमनं खूणगाठ बांधली. "आणि हा एलईडी. पांढरा शुभ्र. बॅटरी कमी खातो. हाच बसवतो तुला. पण ह्याचा रोख खाली पाहिजे, नाही तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो जाईल खड्ड्यात, शिव्या बसतील तुला."

त्यानं एलईडी बसवला, गाडी भिंतीसमोर उभी केली आणि भिंतीवर कोळशानं रेघ मारली. उजेड रेघेच्या खाली पडेल असा दिवा नीट लावून दिला.

"आणि दिवा वर गेला तर?" उत्तमनं विचारलं. "स्क्रूला तर हात लावायचा नाही."

"मुळीच लावायचा नाही! दिवा वर गेला, तर समजायचं मागं वजन जास्त झालं. मागचं दबतं, पुढचं उचलतं. सासरवाडीची माणसं काय काय बांधून देतील. जास्त वाटलं तर उतरव. वजन उतरलं की दिवा आपोआप खाली येतो."

"वजन उतरलं की दिवा खाली येतो," उत्तम म्हणाला.

आणि काय सांगू, त्या रविवारी तो पिंपरखेडला गेला आणि दारात थांबला! सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवण झालं, ऊन उतरलं, निघायची वेळ झाली. गाडीवर बसायला उत्तमनं वैजंताला हात पुढं केला आणि एकदम मागं घेतला. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्यानं खिशातून गाडी पुसायचं फडकं काढलं आणि त्या फडक्यानं तिचा हात धरला.

"अहो, हे काय?"

"तेलकट बोट लागलं की काच फुटते."

वैजंता हसायला लागली. इतकी हसली, की तिला बसवेना. उत्तमला फार बरं वाटलं. इतके दिवस ढकललेल्या गाडीचं चीज झालं.

सासूबाईंनी मागं तांदळाचं गाठोडं बांधलं. त्यावर एक भलामोठा भोपळा ठेवला. भोपळ्याला खरचटू नये म्हणून तो जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळला होता.

माथा ओलांडेपर्यंत दिवस कलला. उत्तमनं दिवा लावला. समोरून एक सायकलवाला आला आणि ओरडला, "दिवा खाली घे की! डोळे फुटले माझे!"

उत्तम थांबला. त्यानं भोपळा उतरवून घाटातल्या मैलाच्या दगडाजवळ ठेवला.

"अहो, माझा भोपळा!" वैजंता म्हणाली.

"वजन जास्त झालंय. दिवा वर जातोय."

पुढच्या वळणावर एक ट्रॅक्टरवाला ओरडला. त्यानं काढलेली शिवी इथं सांगण्यासारखी नाही. उत्तमनं तांदूळ उतरवून कठड्यावर ठेवले. वैजंता अजून हसतच होती. "आता घर काय लांब नाही. नेतील कुणीतरी उद्या," ती म्हणाली.

पायथ्याला एस्टीचा थांबा होता. तिथं जीपवाल्यानं गाडी आडवी घातली. "अरे बाबा, कुणाला मारायचंय का तुला? कर तो दिवा खाली!"

उत्तमनं मागं वळून बघितलं. भोपळा नव्हता. तांदूळ नव्हते. आता मागं एकच गोष्ट होती.

"वैजंता, जरा उतर बरं."

वैजंता उतरली. दिवा सुर्रकन खाली आला. उजेड रस्त्यावर असा पडला, जसा शकूरभाईच्या रेघेखाली पडला होता.

"झाला का नीट?" वैजंतानं विचारलं.

"एकदम नीट," उत्तम म्हणाला, आणि गेला.

घरापर्यंत त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. आई दारात उभी होती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. सून इतक्या दिवसांनी येणार, तिच्यावरून ओवाळून टाकायला.

"वैजंता कुठाय?"

"थांब्यावर. दिवा वर जात होता."

"काय?"

"भोपळा आणि तांदूळपण आहेत. ते वर घाटात."

"अरे मुडद्या, दिवेलागण व्हायला आली! सोयरे काय म्हणाले होते, विसरलास? जा, घेऊन ये आधी!"

"सगळं?"

"सगळं!"

उत्तमनं गाडी वळवली. तो घाबरला होता. वैजंता कायमची माहेरी गेली तर? आता एकही चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं. सगळं आणायचं, पण एकदम नाही, नाही तर दिवा वर जाईल. थोडं थोडं आणायचं. आधी हलकं, मग जड. आणि तिघांत सगळ्यात हलका कोण, हे काय सांगायला पाहिजे?

थांब्यावर वैजंता हात वर करून उभी होती.

"आलोच हं," उत्तम म्हणाला, आणि पुढं गेला. ती मागून काहीतरी ओरडली. हसत असावी, असं त्याला वाटलं.

परत येताना ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिच्या हातात चप्पल होती. पायात काटा मोडला असेल, असं उत्तमला वाटलं. त्यानं बाजूनं गाडी काढली. दिवा जराही हलला नाही.

आई दारातच होती. गाडीचा आवाज आला. पांढरा उजेड शहाण्या पोरासारखा रस्ता धरून आला आणि अंगणात थांबला. तिन्हीसांजेला आईला नीट दिसायचं नाही. मागं हिरव्या लुगड्यात कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं.

"आलीस गं माझी बाय!" आई म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा तीनदा ओवाळला, लांब फेकला, आपल्या डोळ्यांना पाणी लावलं आणि पदर नीट करायला हात पुढं केला.

लुगडं घसरलं.

आई भोपळ्याकडं बघत राहिली.

"वैजंता येतेय," उत्तम गाडी वळवत म्हणाला. "आता मधे फक्त तांदूळ राहिलेत."