समोरचा भाव

"मग त्याचं दुकान कधी बंद पडेल, तेवढं सांग."

नागोशेट कापडवाले मठाच्या ओसरीवर मांडी ठोकून बसले होते. साठी उलटलेली, आवाज पेठेतला.

मठाची गादी नुकतीच कृष्णाआक्कांकडे आली होती. त्या सव्वीस वर्षांच्या. पेठेतले म्हातारे त्यांच्याकडे पाया पडायला कमी आणि शहाणपण शिकवायला जास्त येत.

"कुणाचं दुकान?" आक्कांनी विचारलं.

"पुंजाशेटचं. माझ्या दारासमोर. या लग्नसराईत आमच्या दोघांतलं एकच दुकान उरणार, पोरी. अंगारा दे. उरेल ते माझं असू दे."

"अंगारा देते. पण तुम्ही स्वतः काय करताय?"

शेट खुलले.

"साधा मांजरपाट घे. तो सहा आणे वार म्हणाला, मी पावणेसहा. तो साडेपाचवर उतरला, मी सव्वापाचवर. परवा तो सव्वापाचवर आला, मी थेट पाच आणे! माझी खरेदीच साडेपाचची... पण हटलो नाही."

"वारामागे अर्धा आणा पदरचा?"

"पदरचा. अजून दोन महिने ओढीन. त्याच्या पुढे..."

"त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे माझ्याच दाराला कुलूप. बापानं घातलेलं दुकान आहे."

"तुमच्या दुकानात भाव कोण ठरवतं?"

"मी! आणखी कोण? तिथं माझाच शब्द चालतो."

"आणि पुंजाशेटचा भाव तुम्हाला कळतो कसा? ते सांगतात?"

"अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. गिऱ्हाईक सांगतं ना. बाई दुकानात आली की मी आधी विचारतो, समोर काय भाव सांगितला? ती सांगते. मी त्याच्या खाली उतरतो. याला धंदा म्हणतात. तुझ्या पोथीत नसेल हे."

"नाही," आक्का म्हणाल्या.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ठकूबाई शिंपीण भंडाऱ्याचे तांदूळ निवडत होती. आक्कांनी तिला हाक मारली.

"ठकूबाई, परवा मांजरपाट कुठून आणला?"

"या शेटकडूनच. पाच आण्यांनी."

"समोर काय भाव होता?"

ठकूबाईचे हात सुपात थांबले.

"खरं सांगू?"

"मठात बसलाय तुम्ही."

"समोर गेलंय कोण, आक्का! भर उन्हाचं रस्ता कोण ओलांडतंय? शेटनं विचारलं, समोर काय सांगितलं? मी म्हटलं, सव्वापाच. तोंडाला आलं ते."

"खोटं बोललीस?" शेट ताडकन उभे राहिले. "माझ्या तोंडावर?"

"मग काय पाठीमागं बोलू? भाव पाडायचा तर बोलावंच लागतं की. सगळ्याच बाया बोलतात." तिनं पदर तोंडाला लावला. "पुंजाशेटकडे गेलं की तुमचं नाव सांगायचं. तोही उतरतो बिचारा. त्याचीही दाढी पिकली हो या वर्षात."

शेट उभेच राहिले.

ठकूबाईनं एक खडा वेचून अंगणात टाकला.

"म्हणजे तो..." शेटचा आवाज खाली आला. "तो सव्वापाचला देतच नव्हता?"

"मला काय ठाऊक," ठकूबाई म्हणाली. "मी गेलेच नव्हते."

...

आक्कांनी अंगाऱ्याची वाटी शेटच्या समोर धरली.

"घ्या. मागितला होतात ना?"

शेटनी वाटीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

बराच वेळ आक्कांनी वाटी तशीच धरून ठेवली. मग खाली ठेवली.

"आक्का," शेट म्हणाले, "आज मी त्याच्या दुकानात गेलो तर... अकरा वर्षांनी... तुम्हीच सांगा, काय बोलू मी त्याच्याशी?"

"भाव विचारा."