आईच्या वाट्याचं पाणी

“पण हिचं गोत्र कोणतं सांगायचं, गुरुजी?” मुकुंदाने विचारलं. तिळाची वाटी त्याने हातात घट्ट धरली होती.

दिगंबरशास्त्रींनी खाली पाहिलं. घाटाच्या खालच्या पायरीवर इरिनी पाण्यात पाय सोडून बसली होती.

दिवस रोजच्यासारखाच उजाडला होता. धुणी वाळत पडली होती, मुकुंद आणि इरिनीचा पाठ सुरू व्हायचा होता. तेवढ्यात ग्रीसमधल्या क्रीट बेटावरून इरिनीच्या भावाचा फोन आला. आई गेली. संध्याकाळी दफन. टोका गावच्या या घाटावरून निघून तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

वर्षभर शास्त्रीबुवांकडे संस्कृत शिकणारी ती पोर एवढंच म्हणाली, “मला तिला पाणी द्यायचंय. तुम्ही देता तसं.”

“गोत्र नाही, मंत्र नाही,” मुकुंद म्हणाला. “पाणी पोचायचं कसं?”

“आईच्या भाषेत बोलेल ती,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“ग्रीकमध्ये? ती तर संस्कृतचीच बिघडलेली लेक. बारा पानं लिहिलीयत मी त्यावर.”

“बारा! मग आता जरा ऐकूनही घे.”

शास्त्रीबुवांनी त्याच्या वाटीतून चिमूटभर तीळ उचलले आणि इरिनीच्या तळहातावर ठेवले.

“मितेरा...” तिने हाक मारली.

मातर्... मुकुंदाने मान वर केली.

“एना.” पहिली ओंजळ. “दिओ.” दुसरी. तिसरी तिने सावकाश सोडली. “त्रिआ.”

द्वे... त्रीणि... त्याचे ओठ आपोआप हलले. समुद्रापलीकडची कुणाची तरी आई, आणि तिला मारलेली हाक त्याच्या रोजच्या पाठातली.

“गुरुजी, हे आपल्याकडून तिकडे गेलं ना?”

“नाही रे. तिकडून इकडेही आलं नाही. ग्रीक लेक नव्हे, बहीण. इराणी आपली अगदी पाठची. लॅटिन, आर्मेनियन, आणखी कितीतरी. ग्रीकने फार पूर्वीच आपली चूल वेगळी मांडली.”

“मग आई कोण?”

“होती. लिहिणं येण्याआधीच गेली. लेकींच्या बोलण्यावरून तिच्या बोलण्याचा अदमास बांधतात.”

“नाव काय तिचं?”

“नावच उरलं नाही.”

शास्त्रीबुवा पाण्यात उतरले. ओंजळ भरली आणि तशीच धरून उभे राहिले. बोटांच्या फटींतून पाणी गळत राहिलं.

मुकुंदाने तिळाची वाटी पुढे केली.

“साठ वर्षं रोज तर्पण करतोय,” शास्त्रीबुवा म्हणाले. “या आईला द्यायचं राहूनच गेलं.”