मेलेल्या भाताचं खाचर

खाडीकाठच्या एका राज्यात राजा जयवंताने मोठा बीजमळा राखला होता. तिथे विद्वान मंडळी भाताचे नवे वाण तयार करीत. प्रत्येकाला एक खाचर दिलेलं. कापणीआधी राजा फेरी मारायचा. ज्याचं पीक डौलदार, त्याच्या अंगावर शेला. ज्याचं फसलं, त्याचं खाचर काढून दुसऱ्याला.

झालं. विद्वान काही वेडे नव्हते. सगळे तोच जुना, खात्रीचा भात लावत, खत जरा सढळ हाताने घालत आणि दरसाल त्याला नवं नाव देत. शेले वाटले जात होते, राजा खूश होता. इकडे समुद्राचं पाणी मात्र बांध फोडून रयतेच्या शेतांत शिरत होतं. माती खारट झाली. पेरलेलं उगवेना. माणसं घरांना कडी लावून गाव सोडू लागली.

मळ्यात सगुणाबाई नावाची एक विदुषी होती. तिला हे बघवेना. तिने ती खारट माती गाड्या भरून आणली, आपल्या खाचरात पसरली आणि ठिकठिकाणचं बियाणं त्यात लावलं. खाडीच्या चिखलात आपोआप उगवणारा रानटी भातही तिने सोडला नाही. आणि आलं काय? बहुतेक रोपं पिवळी पडून मेली.

फेरीच्या आदल्या दिवशी मळ्याचे प्रमुख त्र्यंबकशास्त्री आले. माणूस मनाने वाईट नव्हता.

"बाई, महाराज यायच्या आत नांगर फिरवा. पीक पाखरांनी खाल्लं म्हणून सांगू. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी हेच केलंय."

"म्हणजे पुढचा माणूस हेच बी याच मातीत लावून पुन्हा फसणार," सगुणाबाई म्हणाली. तिला भीती वाटत होती. खाचर गेलं की तिचं काम संपलं. तरी तिने नांगर फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी राजा तिच्या खाचराशी थबकला. मंडळी तोंडावर उपरणं धरून हसली.

"हे काय?" राजाने विचारलं.

"मेलेलं पीक, महाराज. कोणते वाण खारात टिकत नाहीत, ते आता कळलं. मधली ती मूठभर रोपं तेवढी टिकली. त्यांच्यावर पुढे काम करता येईल. यश येईलच, असं मात्र मी सांगत नाही."

राजा शास्त्रीबुवांकडे वळला. "तुमचा शेला मिळवणारा भात या मातीत येईल?"

"महाराज, असल्या मातीत भात लावतंय कोण?"

"माझी रयत," राजा म्हणाला.

आता कोणी हसलं नाही. राजालाही लाज वाटली, कारण ही रीत त्यानेच घातली होती. त्याने ती तिथल्या तिथे मोडली. "फसलं म्हणून कुणाचं खाचर जाणार नाही," तो म्हणाला. "फसलेलं लपवलं, तर जाईल."

मग काय, मंडळींना हुरूप आला. जो तो खारट माती मागू लागला. शास्त्रीबुवांनी स्वतः सगुणाबाईच्या रोपांशी आपल्या भाताचा संकर केला. काही हंगाम फसले, सगळ्यांदेखत फसले. अखेर एका वर्षी खाऱ्या शेतांत भरल्या लोंब्यांचा भात उभा राहिला. गेलेली माणसं परतली. त्यांनी त्या भाताची पेज राजाला आणि सगुणाबाईला वाढली.

"बाई, तुमचं काम फत्ते झालं," राजा म्हणाला.

सगुणाबाईने पेज चाखली. "दाणा अजून जाड आहे, महाराज. आणि समुद्र काही थांबलेला नाही. मला आणखी खारट माती लागेल."

तात्पर्य: फसण्याची मुभा असते तिथेच नवं काही उगवतं; उद्याचं अन्न हवं असेल, तर आज धाडसाने प्रयोग करणाऱ्याच्या पाठीशी उभं राहावं.