डावा कौल

“देव नाही म्हणाला म्हणून सासूला कुजू देऊ काय?”

सरसू देवळाच्या पायरीखाली पावसात उभी होती. वर चढायची तिला मुभा नव्हती. तिच्या घराला गावानं वाळीत टाकलं त्याला तीन वर्षं झाली होती.

जानकी गुरवीण आत देवासमोर बसली होती. नवऱ्यामागे पूजा तीच बघायची. समोर काळ्या पाषाणाच्या उजव्या खांद्यावर तगरीची एक कळी चिकटून होती. डाव्या खांद्यावरची खाली पडली होती.

कौलाची रीत सोपी. पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवाच्या दोन खांद्यांना लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प बसायचं. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

डावी पडली होती.

“लाकूड नेऊ नको म्हणाला,” जानकी म्हणाली. “कुजू दे, असं कुठं म्हणाला?”

“कीस काढू नको, आते. काल दुपारी गेली ती. नवरा नि दीर तिरडी बांधून बसलेत. घरात वास सुटायला लागला. ओल्या लाकडावर जाळू? का कुत्र्यासारखी पुरू?”

…

श्रावणातला पाऊस चार दिवस खळला नव्हता. वाऱ्यानं सरसूचं लाकडाचं खोपटं आडवं केलं आणि वर्षाची बेगमी चिखलात लोळली. ओढा दुथडी भरलेला, पलीकडून काही येईना. गावात घरोघरी माळ्यावर कोरडं लाकूड होतं. पण वाळीत पडलेल्याला काडी देईल तोही वाळीत.

आणि सासूचा गुन्हा काय? कोर्टात खरं बोलली. गावच्या मानकऱ्यानं विधवा भावजयीची जमीन कशी घशात घातली, ते डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगितलं. ज्यांनी तिच्यासोबत पाहिलं होतं, त्यांचे डोळे त्या दिवशी आले होते म्हणे!

“देवळाच्या पडवीत गाडीभर लाकूड पडलंय,” सरसू म्हणाली. “खडखडीत कोरडं. कशाला, तर सभामंडपाला. मंडपाला उजवा आणि माणसाला डावा? हा कसला गो देव?”

“देवराईतलं झाड आहे ते. त्याचं आहे.”

“त्याला काय थंडी वाजते?”

जानकीनं समईची वात सारखी केली.

“खरं सांग. तू मानकऱ्याला भ्यालीस.”

“भिते की. तो काय भला माणूस आहे? …पण कळ्या मी लावल्या. पाडली त्यानं.”

सरसूनं तोंड वाकडं केलं. वाळीत पडायच्या आधी सात वर्षं ती याच गुरविणीच्या हाताखाली होती. झाडलोट, फुलं, दिवाबत्ती. कळीला पाणी किती लावलं की ती किती टिकते, तेही इथंच शिकली. आपल्याला जानकीपेक्षा चार गोष्टी जास्तच कळतात, असं तिला तेव्हापासून वाटायचं.

“पुन्हा लाव.”

“एकदा विचारलं की विचारलं.”

“गाव तर तीन-तीनदा विचारतं! हवा तो मिळेपर्यंत विचारतं.”

“गावाला देव नको असतो. मान डोलावणारा हवा असतो.”

सरसूच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस असा पेटला की हाताला येईल ते फेकून मारतो. तिच्या हाताला जे आलं ते तिनं मारलं.

“तुझ्या विसूच्या वेळी काय केलं यानं? उजवाच दिला ना? गेला पोरगा होडीवर. त्या होडीचं एक फळकूट तरी आलं का परत?”

बोलली, आणि तिची जीभ तिलाच जड झाली. पण सुटलेला शब्द कुणाचा नसतो.

…

पाऊस पडत होता. जानकीनं खाली पडलेली कळी उचलली, तळहातावर धरली.

“मी विचारलं, पाठवू का? तो म्हणाला, पाठव. परत येईल का, ते मी विचारलं नव्हतं.”

“मग विचारायचं होतंस!”

“धीर झाला नाही.”

सरसूनं पदर खोचला आणि पायऱ्या चढली. वाळीत, मुभा, मानकरी, सगळं पायाखाली घालून थेट देवासमोर आली. जानकीनं तिला अडवलं नाही. फुलांची परडी पुढं सरकवली, एवढंच.

सरसूनं दोन कळ्या घेतल्या. डावी चांगली निथळती भिजवली आणि दगडावर अंगठ्यानं दाबली. उजवीला नखावरचं पाणी लावलं, लावल्यासारखं.

“बाबा महाराजा, लाकूड नेऊ का?”

गाऱ्हाणं पुरतं तोंडातून सुटलंही नव्हतं. उजवी पडली.

“पडली! आते, उजवी पडली!”

“बघितली.”

“मग?”

“मग काय? कौल मिळाला. ने लाकूड.”

“टोमणा मारतेस?”

“नाही गो. ने. मी कुणाला सांगायची नाही.”

सरसू पडवीत गेली. वरचाच ओंडका धरला. हलका होता, चांगला वाळलेला. छातीशी उचलून घेतला. देवळापासून तिचं घर हाकेवर होतं. पावसाच्या आवाजात कुणाला कळलंही नसतं.

ती तशीच उभी राहिली.

बोटांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. कुठल्या कळीला किती लावलं, ते तिला ठाऊक होतं. ज्याच्या खांद्याला लावलं, त्यालाही ठाऊक होतं.

…

“उचलवत नाही मेलं!”

ओंडका खाली आदळला. सरसू तिथंच बसली आणि सासू गेल्यापासून पहिल्यांदा रडली. जिवंतपणी दोघींचं एक दिवसही पटलं नव्हतं. मिठावरून भांडायच्या, चुलीवरून भांडायच्या, दोघींचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा.

“खरं बोलून मेली ती, आते. खरं बोलली म्हणून तिला पाणी मिळालं नाही गावात. आणि मी तिला खोट्या कौलावर जाळू?”

जानकी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि देवळामागे तिची खोपी होती, तिकडं गेली.

थोड्या वेळानं तिकडून आवाज आला. ठक. ठक. ठक.

सरसू डोळे पुसत मागं गेली. बघते तर जानकी कोयतीनं आपल्याच दाराच्या बिजागऱ्या तोडत होती. फणसाचं दार, अंगठ्याएवढ्या जाड फळ्यांचं. नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी केलेलं. माळ्यावरचं चुलीचं लाकूड आधीच खाली काढून ठेवलं होतं. बाज मोडून त्यावर टाकली होती.

“हे काय करतेस?”

“एवढ्यानं व्हायचं नाही. माळ्याच्या फळ्याही काढू. मग वासे बघू.”

“अगं, वासे काढलेस तर छप्पर बसेल! श्रावण आहे. झोपशील कुठं?”

“देवळाची पडवी आहे. तिथं लाकूड आहे खडखडीत. त्यावर झोपेन.”

“मानकरी तुलाही वाळीत टाकेल.”

“टाकेल. तुझ्याशी बोलायला बरं.”

पाऊस उघड्या दारातून आत शिरला. चुलीपर्यंत गेला. चूल काळी पडत विझली. सरसू बघत राहिली आणि तिच्या पोटात पुन्हा आग पेटली. तिकडं गाडीभर कोरडं लाकूड देवाच्या नावानं पडून, आणि इकडं सत्तरीची बाई आपलं घर मोडते आहे. ही कुठली रीत? हा कुठला न्याय?

“त्याच्याजवळ एवढं असून त्यानं दिलं नाही,” ती म्हणाली. “तुझा पोरगा नेला. आता घर नेतोय. आणि तू त्याचंच ऐकतेस. …आते, तुला त्याचा राग येत नाही?”

शेवटची बिजागरी तुटली. दार कलंडलं. जानकीनं ते पाठीवर झेललं, वाकली, श्वास घेतला.

“येतो की. रोज सकाळी येतो. मग विहिरीचं पाणी काढते आणि त्याला आंघोळ घालते. …धर ते टोक.”